क्रशर यांच्या वतीनं

हॅलो, हॅलो. चेक.

फ्लेक्सवर सुदर्शनच्या डोक्यावर टोपी होती. पांढरी, कडक इस्त्रीची. सख्ख्या भावाच्या लग्नात ज्याच्या डोक्यावर फेटा टिकला नाही, त्याला मेल्यावर दहा दिवसांच्या आत टोपी घातली गेली होती. खांद्यावर रुळणारे केस फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर कापून टाकले होते. डाव्या कानामागची एक बट तेवढी त्याच्या नजरेतून सुटली होती. घोड नदीच्या घाटावर, दशक्रियेला आलेल्या बायकांच्या घोळक्यात, शीला त्या बटेकडे बघत बसली होती. अख्ख्या फ्लेक्सवर तेवढंच तिच्या ओळखीचं होतं.

खाली अक्षरं होती: मितभाषी, भजनप्रेमी, स्वरसाधना वाद्यवृंदाचे आधारस्तंभ.

शेजारी सुदर्शनची आई, साळुबाई. तिनं शीलाला कोपरानं ढोसलं.

"मितभाषी म्हंजी काय गं?"

"कमी बोलणारा, मावशी."

"मंग बरोबर हाये. बोलायचा कमीच." साळुबाईनं पदरानं नाक पुसलं. "वाजवायचा. त्ये न्हाई का लिव्हलं?"

"न्हाई."

"आन ही स्वरसाधना कोण?"

ज्या बँडमध्ये सुदर्शन वाजवायचा आणि शीला लग्नाआधी घसा फाडून गायली, त्याचं नाव क्रशर होतं. नुसतं क्रशर. पुढं काही नाही, मागं काही नाही.

*

"...सुदर्शन म्हणजे शांत, सुस्वभावी व्यक्तिमत्त्व. तरुणपणी आम्ही मित्रांनी मिळून एक छोटासा वाद्यवृंद काढला होता. भक्तिगीतं, भावगीतं. गावोगावी संस्काराचा..."

कुईंऽऽऽ.

माइक ओरडला. जानकू साउंडवाला धावत गेला, बटणं फिरवली. शीलाला वाटलं, या घाटावर एवढा एक माइकच काय तो खरं बोलतोय.

बोलणारा भरत होता. आता पंचायत समितीचा सदस्य, पांढरेफेक कपडे, बोटात पुष्कराज. क्रशरच्या काळातला भरत काळा बनियन घालून चार तारांची जाड गिटार गुडघ्यापर्यंत लोंबती सोडायचा. ती गिटार कानांपेक्षा पोटाला आधी कळायची. तिच्या दणक्यानं समोरच्या हॉटेलातल्या कपबशा टेबलावरनं सरकायच्या, आणि त्या सरकल्या नाहीत तर भरतचा मूड जायचा.

तोच भरत आज भावगीतं म्हणाला.

भावगीतं! बरं. मग ऐकाच आता भावगीतांची गोष्ट.

*

कळंबच्या अलीकडं, हायवे सोडून आत, एक खडी क्रशर होता. शीलाचे वडील तिथं मुकादम. दुपारी ती त्यांची भाकरी घेऊन जायची. क्रशर चालू असला की तिथली माणसं हातवाऱ्यांनी बोलत, पाणी हवं तर अंगठा तोंडाला लावत. शीला सरळ हाक मारायची. "दादाऽऽ!" आणि धुळीच्या पलीकडं दादांची मान वळायची.

हा आवाज काही तिला देवानं दिला नव्हता. बाजरीच्या राखणीनं दिला होता. कणसात दाणा भरला की शेतातल्या माळ्यावर, मचाणावर उभं राहून पाखरं हाकायची. गोफण भावाकडं, ओरडणं हिच्याकडं, अशी घरातली वाटणी. सकाळी उजाडायच्या आत सुरू करायचं ते उन्हं चढेपर्यंत. गोफणीचा धोंडा एका दिशेला जातो, आरोळी चारी दिशांना जाते, असं तिची आई म्हणायची. पोपटांचा अख्खा थवा तिनं नुसत्या "हाऽऽ" वर ओढ्यापलीकडं लावलेला होता.

सुदर्शन तेव्हा ट्रॅक्टर घेऊन खडी भरायला यायचा. त्यानं ती हाक ऐकली आणि ट्रॅक्टरवरनं उडी टाकली.

"परत मार."

"काय?"

"हाक. परत मार. दादास्नी नको, त्या मशिनला मार."

"मशिनला? याड लागलं का तुला?"

"मार की! बघू कोण जिततं."

तिनं मारली. कोण जिंकलं ते सांगता यायचं नाही, पण क्रशरवरच्या सगळ्यांनी वळून बघितलं, आणि सुदर्शन हसला. पुढचा दात किंचित तुटका होता त्याचा. फ्लेक्सवर तोही भरून काढलाय.

*

चौघांचा बँड जमला तेव्हा सरावाची जागा ठरली क्रशरची डिझेलची शेड.

"गावात वाजवलं तर गाव बोंबलतंय," सुदर्शन म्हणाला. "हितं कुणाला ऐकूच येत न्हाई."

"अरे पण मग आपल्यालाही नाही येत," संयम म्हणाला. मंचरच्या इंदरचंद भांडीवाल्यांचा मुलगा. लहानपणापासून दुकानात हंडे-पातेली वाजवून गिऱ्हाईक पळवून लावलेलं, म्हणून त्याला ड्रमवर बसवलेला. ड्रम एका लग्नाच्या बँडवाल्याकडनं आणलेले, त्यावर अजून 'शुभविवाह' लिहिलेलं.

"न्हाई येत ना? मंग मोठ्यानं वाजवायचं."

झाला नियम. क्रशरच्या वर ऐकू आलं तर ते गाणं, नाहीतर कुजबूज.

*

एक कॅसेट होती. मागे पुढे काही लिहिलेलं नाही, सुदर्शनच्या मामानं पिंपरीहून आणलेली. परदेशातला कुठला तरी बँड, त्यांची भाषा कुणाला कळायची नाही. गावात लाइट नसायची म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरलेले. त्यामुळं ते गोरे लोक असे हळू, असे जड, असे खोल आवाजात गायचे, जणू विहिरीतनं रेडा बोलतोय. या चौघांना वाटलं, हे संगीत असंच असतं. पाय चिखलात रुतल्यासारखं एकेक ठोका उचलायचा. तसंच ते बसवलं, महिनोन्महिने.

पुढं कधीतरी पुण्यात एका दुकानात संयमला तीच कॅसेट धड मशिनवर ऐकायला मिळाली. तो परत आला तो तोंड पाडून.

"आपण चुकीचं वाजवतोय. ते लोक दुप्पट जोरात पळतात. आवाज पण बारीक आहे."

मग सुदर्शननं गिटार उचलली. "त्यास्नी घाई आसंल," तो म्हणाला. "आपल्याला कुटं जायचंय?"

आणि एक ठोकाही त्यानं बदलू दिला नाही.

*

"...अशा या सात्त्विक वृत्तीच्या..."

कुईंऽऽ.

"जानकू, अरे बघ ना बाबा ते."

"बघतोय साहेब. सकाळधरनं आसंच करतंय."

*

आता यात्रा. गावाचं नाव नको, शीलाची मावसबहीण अजून तिथं नांदते.

साल पंच्याण्णव. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा यायचा होता, त्यांची गाडी वाटेत बंद पडली. सकाळी बैलगाडे पळालेले, माणूस गाव सोडायला तयार नाही, स्टेज रिकामं. भरतच्या चुलत्याची यात्रा कमिटीत ओळख. "आमची पोरं हायेत की," चुलता म्हणाला. बिचाऱ्यानं त्यांना कधी ऐकलेलं नव्हतं.

पुढच्या खुर्च्यांवर पुढारी, गळ्यात हार. मागं सगळी यात्रा. शीला काळ्या पंजाबी ड्रेसवर भावाचं जाकीट घालून उभी. सुदर्शननं पहिली तार ओढली आणि पेढ्यांच्या दुकानातल्या माश्या उठल्या. गाणं त्यानंच रचलेलं, शीलाच्या राखणीवरनं:

शेत आमचं, घाम आमचा,
चोच तेवढी तुमची!
उडा रं उडा, भरल्या पोटाच्यांनो,
हाऽऽऽ, उडा!

दुसऱ्या कडव्यापर्यंत पुढच्या खुर्च्यांना वाटत होतं की हे पाखरांबद्दल आहे. तिसऱ्याला एकानं हार काढून ठेवला. मग चपला आल्या. एक चप्पल संयमच्या झांजेवर आपटली, आणि ती इतकी तालात आपटली की त्यानं मान हलवून दाद दिली. मग कुणीतरी जाऊन जनरेटर बंद केला.

लाइट गेली. गिटार मेली. भरत म्हणाला, "संपलं, चल." पण शीला मध्येच कशी थांबणार? तिचं "हाऽऽ" अर्ध्यावर होतं. माळ्यावर कुठं जनरेटर असतो! ती तशीच गात राहिली, विजेशिवाय. शेवटच्या टोकाला पाळण्यात बसलेली, पाळणा बंद पडल्यामुळं वरच लटकलेली माणसं होती. त्यांनी वरनं ओरडून तिला साथ दिली: "उडा!"

क्रशरचा खरा कार्यक्रम म्हणावा असा तो एवढाच. पुन्हा कुणी स्टेज दिलं नाही. त्यांनी शेडमध्ये आणखी जोरात वाजवलं.

*

मग एकेक जण गेला. संयम गल्ल्यावर बसला. भरतनं गिटार विकून पांढरे कपडे शिवले. शीलाचं लग्न घोडेगावला ठरलं, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, एकच अट घातली. अण्णा म्हणाले, "आमच्याकडं गाणारी बाई चालायची न्हाई." दादांनी मान डोलावली. त्यानंतर शीलानं लेकराला अंगाईसुद्धा गुणगुणत म्हटली. नवरा, सयाजी, भला माणूस. त्यानं कधी गा म्हटलं नाही, कधी नको म्हटलं नाही. आज तोही घाटावर आलेला, पुरुषांत मागं बसलेला.

सुदर्शन एकटाच राहिला. दिवसा भाजीचा टेम्पो, घरी आल्यावर गिटार. शेजारच्यांनी भांडणं काढली, आळीनं बोलणं टाकलं, त्यानं आवाज कमी केला नाही. काविळीनं गेला. आधीच्या आठवड्यापर्यंत वाजवत होता. साळुबाई म्हणायची, "भिंतीचा गिलावा पडला, पर पोरगं ऐकंना."

*

आता नदीकाठी खडकावर पिंड मांडलेला. भागू, सुदर्शनचा धाकटा भाऊ, नुकतंच डोकं भादरलेला, हात जोडून उभा. कावळा शिवला की मेलेल्याची इच्छा पुरी झाली, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून पिंडाशेजारी त्याच्या आवडीचंही ठेवायचं. भागूनं वडापाव ठेवला होता, बिडीबंडल ठेवलं होतं. साळुबाईनं सकाळी घरनं गिटारच आणली होती, वायर गिटारच्याच मानेला गुंडाळलेली. भरतनं ती पिंडापाशी ठेवू दिली नव्हती.

"मावशे, लोक काय म्हणतील? भजनी माणसं आलीत." गिटार तिकडं मांडवामागं, जेवणाच्या पातेल्यांत नेऊन ठेवलेली. पातेली संयमच्या दुकानातली, तोही तिथंच उभा.

कावळे होते. बाभळीवर तीन-चार. खाली येईनात.

"दादा, आईला मी बघीन," भागू म्हणाला.

कावळा हलला नाही.

"घराचं राहिल्यालं काम पुरं करीन."

नाही.

"अरं, गरम वडा ठिवायचा व्हता," मागनं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. सगळा घाट श्वास धरून. पोरांच्या तोंडावर हात. पाखराला बोलवायचं तर आवाज नको.

भरतनं माइक तोंडाशी धरला, हळू आवाजात बोलला. "सुदर्शन, मित्रा. आम्ही वचन देतो. तुझा स्वरसाधना वाद्यवृंद पुन्हा सुरू करू. दरवर्षी तुझ्या नावानं भक्तिगीतांचा कार्यक्रम करू."

आणि बाभळीवरनं एक कावळा खाली उतरला.

"आलाऽ," बायका कुजबुजल्या. "आला गं बाई. हेच व्हतं त्याच्या मनात."

कावळा खडकावर. एक उडी. मान वाकडी करून वड्याकडं बघितलं. आणखी एक उडी.

तो शिवला की शिक्काच बसला. उद्यापासून सारा तालुका म्हणणार, सुदर्शनचा जीव भक्तिगीतांत अडकला होता, कावळ्यानं साक्ष दिली. फ्लेक्स फाटतो, भाषण विसरतात, पण कावळ्याची साक्ष कुणी खोडत नाही. क्रशर कधी नव्हताच. ती शेड नव्हती, तो तुटका दात नव्हता, आणि जाकीट घालून उभी राहिलेली ती पोरगीही...

कावळ्यानं चोच खाली नेली.

"हाऽऽऽऽऽ!"

कधी उठली ते तिलाही कळलं नाही. इतकी वर्षं गिळलेली आरोळी एकदम बाहेर आली, आणि कावळा वड्यासकट उडाला म्हणाल तर नाही, वडा तिथंच टाकून उडाला. बाभळीवरचे उडाले. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. नदीत डुंबणारी म्हैस उभी राहिली.

दशक्रियेला कावळा उडवलेला अजून कुणी बघितला नव्हता.

"अगं ए भवाने!" एक म्हातारी भानावर आली. "शिवत व्हता की गं तो!"

"खोट्यावर शिवत व्हता," शीला म्हणाली. "स्वरसाधना कुणाची? आमचं नाव क्रशर व्हतं. आमी भक्तिगीतं न्हाई म्हणली कधी. चपला खाल्ल्या आमी!"

"शीला, खाली बस," भरत माइकमध्ये म्हणाला. "भावना समजू शकतो, पण ही वेळ..."

"तू बी खाल्ल्यास की. तुज्या तर पाठीत बसली व्हती."

पुरुषांत कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात साळुबाई उठली. कुणाशी न बोलता मांडवामागं गेली, गिटार घेऊन आली. वायरचं टोक जानकूपुढं धरलं. "ह्ये लाव."

जानकूनं भरतकडं बघितलं, मग म्हातारीकडं बघितलं. लावलं. साळुबाई खाली फतकल मारून बसली, गिटार मांडीवर आडवी घेतली, जशी पोराला तेल लावायला घ्यायची, आणि भाकऱ्या थापून राठ झालेला पंजा सगळ्या तारांवरनं एकदम फिरवला.

घ्रांऽऽऽऽ.

त्यात ना सूर, ना ताल. मोठ्या कर्ण्यांतनं तो आवाज नदीवर पडला आणि उलट फिरून आला. साळुबाईनं डोळे मिटले. "आस्सं," ती म्हणाली. "ह्ये माज्या पोराचं."

मांडवामागनं पहिला ठोका पडला. जड, सावकाश, चिखलातनं पाय उपसल्यासारखा. संयमनं मोठं पातेलं उपडं घातलं होतं आणि दोन डाव हातात घेतले होते. स्वयंपाकी त्याच्या अंगावर ओरडत होता. दुसरा ठोका. उतरलेल्या सेलची ती चाल ओळखायला शीलाला तिसऱ्या ठोक्याची गरज नव्हती.

शेत आमचं, घाम आमचा,
चोच तेवढी तुमची!

पुढच्या खुर्च्यांवर आजही पुढारीच होते. काही तर तेच.

"बंद कर!" भरत ओरडला. "जानकू, बंद कर सगळं!"

जानकूनं बंद केलं. कर्णे मेले, गिटार मेली. पुन्हा तेच, पण आता शीलाला सवय होती. तिनं पदर कमरेला खोचला आणि पुढचं कडवं उचललं, पातेल्याच्या ठोक्यावर, विजेशिवाय. वरच्या रस्त्यावर एक एसटी थांबली. खिडक्यांतनं माणसं वाकून बघू लागली. मागच्या बाजूला टेम्पोवाल्यांचा घोळका होता, सुदर्शनच्या बरोबरीचे. त्यांनी "उडा!" उचलला. पहिल्यांदा चाचरत, मग रीतसर.

संपलं तेव्हा घाटावर एक पाखरू उरलं नव्हतं.

*

"आता कावळा कुठनं आणायचा?" गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"दर्भाचा करा," साळुबाई म्हणाली.

"आजी, खरा शिवला असता तर..."

"दर्भाचा करा म्हंते ना. जल्मभर त्यानं पाखरं उडवली, माणसं उडवली. त्येच्या दहाव्याला कावळा टिकतोय व्हय?"

गुरुजींनी गवताचा कावळा वळला आणि पिंडाला लावला. तो मात्र कशानंच उडाला नाही.

भरत माइकची वायर गुंडाळत शीलाजवळनं गेला. तिच्याकडं न बघता, दातांतल्या दातांत म्हणाला, "पट्टी वर गेली. आपण खालनं धरायचो."

"खालनं धरायला तू व्हतास का?" शीला म्हणाली.

भरतनं जानकूला हातानं खूण केली, चालू कर.

सूत्रसंचालन करणारे मास्तर हातातला कागद वरखाली करत आले. रीत असते. श्रद्धांजली कुणाच्या वतीनं झाली ते जाहीर करावं लागतं. "ताई, तुमचं... कुणाच्या वतीनं म्हणू? स्वर..."

"क्रशर."

"क्रशर सांस्कृतिक मंडळ?"

"नुसतं क्रशर."

मास्तरांनी घसा साफ केला. माइक यावेळी कुरकुरला नाही. "क्रशर यांच्या वतीनं भावपूर्ण श्रद्धांजली," ते म्हणाले, आणि नदीपलीकडनं ते शब्द परत आले.

जेवणाच्या पंगतीकडं जाताना सयाजी तिच्या शेजारी आला. घोडेगावच्या दिशेला एकदा बघितलं. मग म्हणाला, "अण्णांस्नी ऐकू गेलं आसंल."

"घोडेगाव लांब हाये."

"तरी गेलं आसंल, राव."

"मंग बरं झालं," शीला म्हणाली. "परत सांगायला नको."